'समज देऊन रवाना केले'

प्रिय बेटा,

तुला पहिलीच नेमणूक बीट मार्शलची, म्हणजे ठरलेल्या भागात गस्त घालून कॉलवर धावून जाणाऱ्या पोलिसाची मिळाली आणि तू विचारलंस, ११२ या आपत्कालीन नंबरवरून 'नवरा-बायकोचं भांडण' असा कॉल आला तर तिथे किती वेळ द्यायचा. मिनिटांचं नंतर बघू. आधी स्टेशन डायरीतली एक ओळ विसरून जा : 'आपसी वाद, दोघांना समज देऊन रवाना केले.' कुणी कुणाला मारलं, कशाने, कुठे, यातलं काहीच त्या ओळीत नसतं. पुढे त्या बाईचं बरंवाईट झालं तर पोलीस येऊन गेले होते एवढंच त्यातून सिद्ध होतं, आणि ते आपल्याच विरोधात जातं.

गाडी दोन-तीन घरं अलीकडे लाव. दारासमोर नको, चौकटीच्या बाजूला उभा राहा आणि कडी वाजवण्याआधी अर्धा मिनिट ऐक. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे घराघरांत कूलर घोंघावत असतो, बाहेर काही ऐकू येत नाही. आत गेल्यावर सगळ्यात आधी तो बंद करायला सांग. नाहीतर ती हळू आवाजात जे सांगेल त्यातलं निम्मं तुझ्यापर्यंत पोचणारच नाही.

दोघांना वेगळं करायचं, पण स्वयंपाकघरात कुणालाच न्यायचं नाही. विळी, लाटणं, गरम तेल, सिलिंडर, सगळं तिथेच असतं. तुम्ही दोघे पोलीस एकमेकांना दिसत राहा. ती मात्र त्याला दिसता कामा नये. तो दारातून डोळे वटारत असला की ती 'काही नाही साहेब, पाय घसरला' म्हणते आणि कॉल तिथेच बंद होतो. महिला अंमलदार सोबत नसेल तर लगेच मागव, पण ती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नकोस. घरात हिंदी, छत्तीसगढी किंवा तेलुगू बोलत असतील तर सासूला, दिराला किंवा पोरांना दुभाषा करायचं नाही.

'काय झालं?' एवढंच विचारलंस तर 'मारलं' एवढंच उत्तर येतं. कशाने, किती वेळा, कुठे लागलं, याआधी कधी, असं एकेक विचार. आणि एक प्रश्न कधीही चुकवू नकोस : गळा दाबला का? हो म्हणाली तर पुढचं विचार. श्वास अडकला का, डोळ्यांपुढे अंधारी आली का, गिळताना दुखतं का, आवाज घोगरा झाला का, कपड्यांत लघवी झाली का? शेवटचा प्रश्न महिला अंमलदाराने विचारावा. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात आणि कानामागे बारीक लाल ठिपके आहेत का, ते टॉर्चने बघ. गळा दाबला गेला तरी मानेवर कित्येकदा वळसुद्धा नसतो. आतली रक्तवाहिनी दुखावलेली असेल तर त्रास काही तासांनी, कधी काही दिवसांनी उद्भवतो. म्हणून वरून काही दिसत नसलं तरी मेयो किंवा मेडिकल, नागपुरातल्या या दोन सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल तिथे पाठव, आणि मेडिकल यादीत, म्हणजे डॉक्टरांना तपासणीसाठी द्यायच्या आपल्या पत्रात, 'मारहाण' एवढंच न लिहिता 'हाताने गळा दाबला, अंधारी आली' असं स्पष्ट लिही. डॉक्टर यादी वाचूनच तपासतात. ज्याने एकदा गळा दाबला त्याच्या हातून पुढे खून होण्याचा धोका कैक पटींनी वाढतो, म्हणून या प्रश्नाला मी इतकी जागा दिली.

दोघांच्याही अंगावर जखमा असतील तेव्हा घाईने दोघांवर कारवाई लिहू नकोस. त्याच्या हाताला चावा असेल आणि तिच्या मानेला लालसरपणा, तर चावा बहुधा सुटण्यासाठी घेतलेला असतो. तो शांतपणे 'साहेब, चहा घ्या' म्हणतो आणि ती ओरडते, शिव्या देते. नवा पोलीस इथे हमखास फसतो. कोण कुणाला घाबरतंय ते बघ.

आता कायद्याचं. १ जुलै २०२४ पासून नवरा-सासरच्यांच्या क्रूरतेच्या जुन्या ४९८-अ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत. नुसती ११५(२), म्हणजे साधी दुखापत, लावून एनसी (अदखलपात्र नोंद) देणं सोपं असतं, पण क्रूरता दिसत असेल तर ती पळवाट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 'अर्नेश कुमार' निकालामुळे (२०१४) गुन्हा नोंदवायचा नाही, असं ठाण्यात कुणी सांगेल. तो निकाल सरसकट अटकेबद्दल आहे, नोंदणीबद्दल नाही. माहेरी आलेल्या बाईला 'सासरच्या ठाण्यात जा' म्हणूनही परत पाठवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. आणि 'घर सासूच्या नावावर आहे, तू बाहेर हो' हे आपल्या तोंडून कधी निघू नये. ज्या घरात ती नवऱ्यासोबत राहते तिथे राहण्याचा तिचा हक्क मालकीवर अवलंबून नाही.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ५ नुसार तिला सांगायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत : न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करण्याचा हक्क, संरक्षण अधिकारी, सेवा देणाऱ्या संस्था, मोफत वकील आणि फौजदारी तक्रारीचा हक्क. हा कायदा फक्त बायकोपुरता नाही. आई, बहीण, लग्नाशिवाय सोबत राहणारी बाईही त्यात येते. भरोसा सेलमध्ये, म्हणजे पोलिसांच्या महिला मदत कक्षात, समुपदेशनाला पाठवायचं असेल तर तिची इच्छा विचार, आणि ते गुन्ह्याऐवजी म्हणून नको. तडजोड घडवणं हे मामा-काकांचं काम, आपलं नव्हे.

न्यायालयाचा संरक्षण आदेश आधीच झालेला असेल आणि त्याने तो मोडला असेल, तर तो स्वतंत्र गुन्हा आहे, दखलपात्र आणि अजामीनपात्र : एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेशाची प्रत ठाण्यात येते, पण कपाटात जाऊन बसते. तुझ्या बीटमधल्या अशा आदेशांची यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

वेळेचं विचारलंस ना? पाऊण तास धर, दवाखाना वेगळा. निघताना तुझा नंबर तिला त्याच्यासमोर देऊ नकोस, आणि फोन कधी केलेला चालेल ते तिलाच विचार. फोटो तीन अंतरांवरून काढ : पूर्ण माणूस, शरीराचा तो भाग आणि शेजारी मोजपट्टी ठेवून जवळून जखम. सावळ्या त्वचेवर ट्यूबलाइटमध्ये मार दिसत नाही. म्हणून दोन दिवसांनी, तो कामावर असताना, महिला अंमलदारासोबत पुन्हा जा आणि तिची संमती घेऊन दिवसाच्या उजेडात फोटो काढ. मुका मार तेव्हा काळानिळा होऊन वर आलेला असतो.