टीम ऐकत नाही, काय करू?

"बढती तर मिळाली, पण टीम माझं ऐकत नाही." नव्यानेच टीम लीडर झालेली माणसं वरचेवर माझ्याकडे हीच तक्रार घेऊन येतात. त्यांना एखादी युक्ती हवी असते. आवाज कसा लावावा, कुणाला कसं दटावावं, असलं काहीतरी.

असेच एक गृहस्थ आले होते (तपशील अर्थातच बदलले आहेत). नेतृत्वाची प्रशिक्षणं झालेली, वहीत मुद्दे काढून आणलेले.

"शेवटचं कधी बिनसलं?" मी विचारलं.

"क्लायंटला चुकीचे आकडे गेले. ज्युनिअरची चूक आहे, असं मी मीटिंगमध्ये सांगितलं."

"पाठवण्याआधी तपासले कुणी?"

ते घुटमळले. "सही माझीच होती. घाईत होतो हो."

"टीमला माहीत आहे हे?"

"सगळ्यांना." मग जरा चिडूनच म्हणाले, "पण कबूल केलं असतं तर माझी काय किंमत राहिली असती?"

सगळी गोम इथे होती. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून जी विचारपद्धती मांडली, ती मी मानते: कृती चुकली म्हणून माणूस कुचकामी ठरत नाही. हे ज्याच्या गळी उतरलेलं नाही, तो प्रत्येक चूक दुसऱ्याच्या माथी मारतो. आणि प्रसंग आला की साहेब कुणाचा बळी देतील, हे टीम बरोबर ओळखून असते.

पण हे सगळं त्यांना ऐकवून उपयोग नव्हता. मी एवढंच विचारलं, "तुमच्या एखाद्या साहेबांनी कधी चूक कबूल केली होती?"

"एकदा. सगळ्यांसमोर."

"मग त्यांची किंमत उतरली?"

बराच वेळ ते वहीचा कोपरा दुमडत राहिले. "नाही. उलट त्यानंतर मी त्यांच्यासाठी रात्री उशिरापर्यंत थांबायला लागलो."

असा प्रश्न योग्य वेळी सुचणं, यालाच मी माझी कमाई समजते. पुढचं सोपं होतं. मीटिंगमध्ये दोनच वाक्यं बोलायची: आकडे मी तपासले नव्हते, दोष तुमच्यावर ढकलला, हे माझं चुकलं. खुलासा, सबबी काही नाही.

पुढच्या वेळी ते वैतागूनच आले. "आता रोज कुणीतरी चूक घेऊन टेबलाशी उभं असतं!"

मला मनातून आनंद झाला. संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास करून १९९६ मध्ये तो प्रसिद्ध केला, त्यातही चांगलं नेतृत्व असलेल्या गटांतच औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. तिथे लोक चुका लपवत नव्हते.

तुमचीही तक्रार हीच असेल, तर टीमला सुधारण्याआधी आठवडाभर स्वतःवर लक्ष ठेवा. काम बिघडलं की तुमच्या तोंडून पहिलं नाव कुणाचं निघतं? दिलेला शब्द अडचणीचा ठरला की तुम्ही काय करता? उत्तरं लिहून काढा, कुणाला दाखवू नका.

या गृहस्थांना टीमसमोर चूक मान्य करणं आता जमतं. वरिष्ठांसमोर अजून जीभ अडखळते. त्यावर आमचं काम चालू आहे.