रडीचा डाव आणि गॅलरीतला अंपायर

प्रश्न : ताई, माझा मुलगा दुसरीत आहे. संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलं लगोरी खेळतात. हा आउट झाला की ‘बॉल लागलाच नाही’ म्हणून भांडतो आणि बॉल उचलून सरळ वर येतो. बॉल त्याचाच आहे. मी गॅलरीतून ओरडून भांडण मिटवते, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. समजूतदारपणा शिकवणारा एखादा खेळ विकत मिळतो का?
– एक आई, कोथरूड

उत्तर : विकत काही आणू नका, लगोरी पुरे आहे. आधी तुम्ही गॅलरीतून आत या. बॉल पाठीत बसला की शर्टाला घासून गेला, हे वरून दिसत नाही, तरी निकाल तुमचाच! मग मुलांनी डोकं कशाला चालवायचं?

फिलाडेल्फियात मायर्ना शूर आणि जॉर्ज स्पिव्हॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात यावर बरंच काम केलं. लहान मुलांना उत्तर सांगायचं नाही, ‘आणखी काय करता येईल?’ आणि ‘मग काय होईल?’ एवढंच विचारायचं. तेही आधी खेळात, बाहुल्यांवर; खऱ्या भांडणात नंतर.

नारायण पेठेतल्या माझ्या बालवाडीत मी जुन्या मोज्यांच्या बाहुल्या वापरायचे. एक म्हणते लागला, दुसरी म्हणते नाही. आता? पहिलं उत्तर ठरलेलं, ‘हाणायचं!’ रागवायचं नाही. ‘बरं, हा एक उपाय. मग काय होईल?’ एकदा एकीनं सुचवलं, ‘आईशप्पथ घ्यायला लावायची.’ शेजारचा लगेच म्हणाला, ‘हा खोटी घेतो.’ बराच खल झाला आणि ठरलं, वाद झाला की तो बॉल धरायचा नाही, पुन्हा टाकायचा. मी फक्त मोजे हलवत होते.

तुम्हीही रात्री जेवणं झाल्यावर हे करा. रडून-ओरडून वर आल्या आल्या नको, तेव्हा काही डोक्यात शिरत नाही. आणि मुलांना कमी लेखू नका. धाकट्या भावंडाला ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळात घेणं, लेस सुटली की ‘टाइम प्लीज’, हे मुलंच तर चालवतात.

कुणी दगड उचलला किंवा सगळे मिळून एकालाच छळू लागले, तर मात्र ताबडतोब खाली जा.

आणि पुढचा बॉल मुलांना वर्गणी काढून आणू दे. म्हणजे तो उचलून वर आणायची सोय राहणार नाही.