‘माहीत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे
वाचकांचे प्रश्न : संगणक

खरं आणि खोटं या दोनच मूल्यांवर न थांबणाऱ्या तर्कशास्त्राला बहुमूल्यी तर्कशास्त्र म्हणतात. या वेळी सीमाभागातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं याच विषयाची निघाली. पहिल्या दोन पत्रांना जास्त जागा दिली आहे, कारण तिथे रोजचं काम अडलेलं आहे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची माहिती पोस्टग्रेस-एसक्यूएल या डेटाबेसमध्ये आहे. कर्ज नसलेल्या सभासदांची यादी काढायला ‘सभासद क्रमांक नॉट इन कर्जाच्या टेबलातले सभासद क्रमांक’ अशी क्वेरी वर्षभर वापरली. जुन्या वह्यांतली कर्जं संगणकावर चढवल्यापासून यादीत एकही नाव येत नाही. एररही येत नाही. काय बिघडलं? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : कर्जाच्या टेबलात किमान एका ओळीत सभासद क्रमांक रिकामा, म्हणजे ‘नल’ आहे. तेवढी एक ओळ पुरते.

समजा कर्जदारांची यादी ५, ९ आणि नल अशी आहे आणि आपण १७ नंबरच्या सभासदाबद्दल विचारतो आहोत. ‘नॉट इन’चा अर्थ संगणक असा लावतो : १७ हा ५ नाही, आणि १७ हा ९ नाही, आणि १७ हा नल नाही. पहिली दोन विधानं सत्य. तिसऱ्याचं उत्तर ‘अज्ञात’, कारण तो रिकामा क्रमांक १७ असूही शकतो. सत्य आणि सत्य आणि अज्ञात मिळून अज्ञात. क्वेरीत अट जिथे लिहितात ते ‘व्हेअर’ फक्त ‘सत्य’ ठरलेल्या ओळी ठेवतं, म्हणून १७ गळाला. ५ नंबरवाल्याचं उत्तर तर सरळ ‘असत्य’ आहे. म्हणजे यादीत एक नल आला की कोणाचंच उत्तर ‘सत्य’ होत नाही.

यामागचं कोष्टक पाठ करायची गरज नाही. असत्य ०, अज्ञात अर्धा, सत्य १ असं धरा. ‘आणि’ म्हणजे दोहोंतलं लहान, ‘किंवा’ म्हणजे दोहोंतलं मोठं, ‘नाही’ म्हणजे १ मधून वजा. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ लुकासिएविच यांनी १९२० मध्ये तिसरं मूल्य मांडलं, आणि एसक्यूएल, म्हणजे क्वेरी लिहायची भाषा, ज्या कोष्टकांवर चालते ती अमेरिकेचे तर्कशास्त्रज्ञ क्लीनी यांची, १९३८ ची.

आता दुरुस्ती. आधी कर्जाच्या टेबलात ‘सभासद क्रमांक इज नल’ अशा ओळी शोधा. ‘= नल’ लिहू नका. त्याचंही उत्तर अज्ञातच येतं, शून्य ओळी दिसतात आणि माणूस समजतो की रिकामं काहीच नाही. या ओळी कुठून आल्या असतील याचा अंदाज करता येतो. आपल्या भागात एका वहीत नाव कन्नडमध्ये, दुसरीत मराठीत आणि अर्जावर तिसऱ्याच स्पेलिंगने असतं. नावावरून जुळणी करायला ‘लेफ्ट जॉइन’ (जोडी नसली तरी पहिल्या टेबलातली ओळ ठेवणारी जोडणी) लावलं आणि जोडी सापडली नाही, की तो रकाना नल राहतो. अशी प्रत्येक ओळ कागद काढून हातानेच जुळवावी लागेल.

तोवर क्वेरी ‘नॉट एक्झिस्ट्स’ने लिहा : या सभासदाच्या क्रमांकाशी जुळणारी एकही कर्जाची ओळ नाही, असे सभासद द्या. नल असलेली ओळ कोणाशीच जुळत नाही, त्यामुळे यादी परत येऊ लागेल. मात्र लक्षात ठेवा, त्या बेवारस कर्जांचे खरे धनीही ‘कर्ज नसलेले’ म्हणून यादीत येतील. म्हणून कागद जुळवून होईपर्यंत या यादीवरून कोणालाही ना-हरकत दाखला देऊ नका.

सगळं जुळलं की त्या रकान्याला ‘नॉट नल’ ची अट घाला. फॉरेन की (कर्जातला क्रमांक सभासदांच्या टेबलात असलाच पाहिजे, ही अट) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ती रिकाम्या किमतीला अडवत नाही. किंमत तपासणाऱ्या ‘चेक’ अटीचंही तसंच. ‘व्याजदर ० पेक्षा जास्त’ अशी अट घातली तरी नल व्याजदर आत जातो. ‘व्हेअर’ अज्ञाताला बाहेर ठेवतं, ‘चेक’ अज्ञाताला आत घेतं. एकाच भाषेत दोन उलट नियम आहेत, आणि बहुतेकांचा पाय इथेच घसरतो.

आणखी दोन ठिकाणी असंच होतं. ‘तालुका खानापूर’ आणि ‘तालुका खानापूर नाही’ या दोन याद्यांची बेरीज एकूण सभासदांइतकी येत नाही, तालुका न लिहिलेले दोन्हींतून गळतात. दुसरं सरासरीचं. दहा खात्यांपैकी चार रिकामी आणि उरलेल्या सहांची बेरीज ६०० असेल, तर सरासरी १०० दिसते, ६० नव्हे. ‘कोअलेस’ वापरून रिकाम्या जागी ० घातलं की ६० येते. बरोबर कोणती, हे संगणक सांगू शकत नाही. रिकामं म्हणजे ‘रक्कम नाही’ की ‘रक्कम लिहिली नाही’, हे तुमच्या संस्थेने ठरवायचं.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी व्हेरिलॉगमध्ये, म्हणजे सर्किट लिहायच्या भाषेत, चार बिटांचा काउंटर लिहिला. सिम्युलेशनमध्ये सगळीकडे लाल ‘एक्स’ दिसतो. तोच प्रोग्रॅम एफपीजीए (हवं ते सर्किट चढवता येणारी चिप) बोर्डावर मात्र छान मोजतो. खोटं कोण बोलतंय? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, उद्यमबाग, बेळगाव)

उत्तर : दोघंही खरं बोलतात. व्हेरिलॉगमध्ये प्रत्येक तारेला चार मूल्यं असतात : ०, १, ‘एक्स’ म्हणजे किंमत ठाऊक नाही, आणि ‘झेड’ म्हणजे तार कोणीच चालवत नाही. व्हीएचडीएल या तशाच दुसऱ्या भाषेत नेहमीच्या तारेला तर नऊ असतात. काउंटरला सुरुवातीची किंमत दिलेली नसेल तर तो एक्स असतो, आणि एक्स अधिक १ एक्सच. कितीही वेळा मोजलं तरी तो तिथेच राहतो. एफपीजीएत प्रोग्रॅम चढवताना फ्लिप-फ्लॉप, म्हणजे एकेक बिट धरून ठेवणारे भाग, ठरलेल्या किमतीवर, बहुधा ० वर, बसवले जातात, म्हणून बोर्डाचं काम चालून गेलं. हाच काउंटर स्वतंत्र चिपवर गेला असता तर वीज आल्यावर कुठून सुरू झाला असता, याचा नेम नाही.

काउंटरला रिसेट (सुरुवातीच्या किमतीवर आणणारा संकेत) जोडा आणि टेस्टबेंचमध्ये, म्हणजे चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये, तो क्लॉकच्या पहिल्या दोन-तीन ठोक्यांपर्यंत धरून ठेवा. रिसेट क्लॉकच्या कडेवर चालणारा असेल आणि तुम्ही तो पहिली कड येण्याआधीच सोडला, तर तो लागतच नाही आणि एक्स तसाच राहतो. ही चूक फार होते. मग वेव्हफॉर्मवर एक्स सर्वांत आधी कुठे उगवला ते पाहा आणि तिथून मागे मागे जा. रिसेट ठीक असेल तर कारण बहुधा दोहोंपैकी एक असतं. एकाच तारेला दोन ठिकाणांहून ० आणि १ दिलेलं असतं, किंवा तारेच्या नावात स्पेलिंगची चूक असते. चुकीच्या नावाची तार व्हेरिलॉग मुकाट्याने नवी बनवतं, ती कोणी चालवत नसतं म्हणून झेड होते आणि गेटमधून पलीकडे गेली की एक्स दिसते. फाइलीच्या वर ‘डिफॉल्ट नेटटाइप नन’ हा आदेश लिहिला तर अशी तार बनतच नाही, एरर येते.

लाल एक्स दिसतोय तोवर घाबरायचं कारण नाही. न दिसणारा एक्स जास्त घातक. ‘इफ’च्या कंसातली अट एक्स झाली की व्हेरिलॉग सरळ ‘एल्स’कडे जातं. टेस्टबेंचमध्ये ‘आउटपुट != अपेक्षित असेल तर चूक छापा’ असं लिहिलेलं असतं. आउटपुट एक्स असेल तर ती तुलनाही एक्स होते, चूक छापली जात नाही आणि चाचणी पास! वरच्या पतसंस्थेतल्या ‘व्हेअर’चं दुखणं हेच. म्हणून टेस्टबेंचमध्ये कायम तीन चिन्हांची तुलना वापरा, === किंवा !==. ती एक्सलाही एक किंमत समजून तुलना करते आणि ० किंवा १ असंच उत्तर देते.

उलटही घडतं. मल्टिप्लेक्सर म्हणजे दोन इनपुटांतलं एक निवडणारं सर्किट. त्याची निवड-तार एक्स आणि दोन्ही इनपुट १ असतील, तर निवड काहीही असो, खरं उत्तर १ आहे. पण तोच मल्टिप्लेक्सर ‘अँड’-‘ऑर’ गेटांनी लिहिला असेल तर सिम्युलेटर एक्स दाखवतो. त्रिमूल्यी तर्कात ‘अ किंवा अ-नाही’ नेहमी सत्य नसतं, अज्ञात किंवा अज्ञात मिळून अज्ञातच. प्रश्नचिन्ह आणि विसर्गचिन्हाचा (?:) ऑपरेटर वापरलात तर व्हेरिलॉग दोन्ही बाजू बिटागणिक पडताळतं आणि सारख्या असलेल्या बिटांना एक्स लावत नाही.

प्रश्न : दुकानात एसएसडी विकताना टीएलसी आणि क्यूएलसी यातला फरक गिऱ्हाइकाला कसा सांगू? (चिकोडी)

उत्तर : एसएसडीत माहिती विद्युतभाराच्या रूपात ज्या बारीक कप्प्यांत साठते ते सेल. एका सेलमध्ये किती पातळ्या ओळखायच्या, एवढाच फरक. टीएलसीत ३ बिट, म्हणजे विद्युतभाराच्या ८ पातळ्या. क्यूएलसीत ४ बिट, म्हणजे १६. जागा एक तृतीयांशाने वाढते, पण पातळ्या दुप्पट होतात आणि दोन पातळ्यांमधलं अंतर निम्म्यावर येतं. सेल झिजला किंवा भार थोडा झिरपला की शेजारची पातळी वाचली जाते. शेजारच्या पातळ्यांच्या संकेतात एकाच बिटाचा फरक ठेवलेला असतो, त्यामुळे बहुतेक चुका कंट्रोलर दुरुस्त करतो, पण त्यालाही मर्यादा आहे. सीसीटीव्हीसारखं अखंड लेखन असेल तर क्यूएलसी देऊ नका. फोटो-चित्रफिती एकदा भरून वाचत राहायच्या असतील तर चालेल. वर्षभर कपाटात बंद ठेवायच्या एकुलत्या एक प्रतीसाठी कुठलीच एसएसडी योग्य नव्हे.

प्रश्न : रशियात तीन अंकांवर चालणारा संगणक होता असं वाचलं. दोनाऐवजी तीन घेऊन काय साधतं? (निवृत्त शिक्षक, निपाणी)

उत्तर : होता. नाव सेतुन, मॉस्को विद्यापीठात १९५८ मध्ये ब्रुसेंत्सोव यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला, पुढे सुमारे पन्नास यंत्रं बनली. त्याचे अंक ०, १, २ नव्हते. उणे एक, शून्य आणि अधिक एक असे होते.

हे कळायला बाजारातला दोन पारड्यांचा तराजू घ्या. १, ३, ९ आणि २७ किलोची एकेकच वजनं आहेत. वजन मालाच्या समोरच्या पारड्यात टाकलं तर अधिक, मालाच्याच पारड्यात टाकलं तर उणे, बाजूला ठेवलं तर शून्य. एवढ्या चार वजनांवर १ ते ४० पर्यंतचा प्रत्येक किलो तोलता येतो. २५ किलोचं पोतं घेऊ. २५ ला ३ ने भागलं, भाग ८, बाकी १ : एक किलोचं वजन समोर. ८ ला भागलं, भाग २, बाकी २. बाकी २ आली की तिथे उणे एक लिहायचं आणि भाग एकाने वाढवायचा : तीन किलोचं वजन पोत्याच्या पारड्यात, भाग झाला ३. त्याला भागलं, बाकी ० : नऊ किलोचं बाजूला. उरला १ : सत्तावीस किलोचं समोर. २७ उणे ३ अधिक १, बरोबर २५.

उणे २५ हवे असतील तर प्रत्येक चिन्ह उलटवायचं, बस्स. ऋण संख्यांसाठी वेगळी सोय लागत नाही. सेतुनच्या १८ अंकी शब्दात उणे १९,३७,१०,२४४ पासून अधिक तेवढ्यापर्यंतच्या संख्या बसत.

मग चाललं का नाही? अंकांची संख्या गुणिले प्रत्येक अंकाच्या अवस्था असा खर्च मांडला तर तीनचा पाया दोनापेक्षा साधारण ५ टक्क्यांनीच स्वस्त पडतो. आणि सेतुनमध्ये एका त्रिअंकासाठी चुंबकी कड्यांची जोडी लागे. त्याच जोडीत दोन बिट, म्हणजे चार अवस्था मावल्या असत्या. फायदा तिथेच संपला. ट्रान्झिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद ठेवणं सोपं असतं, मधली पातळी नेमकी धरणं अवघड. तरी ही कल्पना मेलेली नाही. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी भाषेच्या मॉडेलचे भारांक, म्हणजे आतले गुणक, फक्त उणे एक, शून्य आणि एक ठेवून दाखवले. तिथे गुणाकार उरतच नाही, नुसती बेरीज-वजाबाकी पुरते.

प्रश्न : किल्ल्यातलं कमल बस्ती हे जैन मंदिर दाखवताना पाहुण्यांना जैन तर्कातल्या सप्तभंगीबद्दल सांगतो. ती सात मूल्यांची तर्कपद्धती आहे असं म्हटलं तर चालेल का? (बेळगाव)

उत्तर : जपून म्हणा. मूळ पदं तीन : अस्ति (आहे), नास्ति (नाही), अवक्तव्य (सांगता न येणारं). तीन पदांपैकी एक, दोन किंवा तिन्ही घेऊन होणाऱ्या जोडण्या बरोबर सात, म्हणून भंग, म्हणजे विधानाचे प्रकार, सात. गणित इथवर पक्कं आहे. पण प्रत्येक भंगाआधी ‘स्यात्’ येतं, म्हणजे ‘एका विशिष्ट दृष्टीने’, आणि त्या दृष्टीने तो भंग सत्यच मानलेला असतो. त्यामुळे ही सात सत्यमूल्यं म्हणावीत की सत्याचे सात दृष्टिकोन, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आम्हाला दुसरं म्हणणं जास्त पटतं. पाहुण्यांना १२०४ मध्ये बांधलेल्या या बस्तीसमोर ‘सात दृष्टींचा विचार’ म्हणून सांगितलंत तर चूक होणार नाही.

संगणकात याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे अमेरिकेचे तत्त्वज्ञ बेलनॅप यांनी १९७७ मध्ये मांडलेली चार मूल्यं : सत्य, असत्य, दोन्ही, काहीच नाही. माहिती अनेक ठिकाणांहून येते तेव्हा संगणकाने काय धरावं, यासाठी ती आहेत. उताऱ्यावर एक, वहीत भलतंच, असं ज्यांच्याकडे होतं त्यांना ती सहज वापरता येतील. प्रत्येक विधानाला दोन रकाने द्या, ‘हो असं कोणी सांगितलं’ आणि ‘नाही असं कोणी सांगितलं’, दोन्हींची सुरुवात ० पासून. नवा कागद आला की ज्या बाजूचा असेल तो रकाना १ करा, आणि आधीचा १ कधी पुसू नका. विधान उलटायचं तर दोन रकान्यांची अदलाबदल. दोन्ही ० असलेल्या ओळींचा कागदच अजून मिळालेला नाही. दोन्ही १ असलेल्या ओळींची यादी छापून घ्या : या प्रकरणांत दोन्ही कागद शेजारी ठेवून माणसाला बसावं लागेल.