चिवटपणासाठी पीईआय (पॉलिइथरइमाइड, एक प्लास्टिक) मिसळलेली इपॉक्सी ओव्हनमध्ये गढूळ होते. मिक्सिंग चुकलं का? पीईआय किती टक्के घ्यावं?

नाही चुकलं. ओव्हनमध्ये ठेवण्याआधी मिश्रण मधासारखं स्वच्छ होतं ना? मग ढवळण्याचा विषय तिथेच संपला.

या गढूळपणापायी माझा एक अख्खा उन्हाळा गेलाय. जळगावला एमएस्सीच्या प्रोजेक्टला डीजीईबीए ही इपॉक्सी, ती कडक करणारा हार्डनर डीडीएस आणि 10 टक्के पीईआय घेतलं होतं. साचा उघडला की चकती गढूळ. सर म्हणायचे, "नीट ढवळत नाहीस. फेक, परत कर." अकरा चकत्या फेकल्या. ढवळून ढवळून हात भरून यायचे, पण चकती गढूळ ती गढूळच.

शेवटी एकदा ओव्हनच्या काचेसमोर ठाण मांडलं. बराच वेळ सगळं स्वच्छ, मग बघता बघता धुकं चढलं. तारेनं टोचून पाहिलं तर अजून पातळच! म्हणजे इपॉक्सी आणि पीईआय आधी एकमेकांत विरघळलेले होते, क्युअर होताना, म्हणजे कडक होताना, वेगळे झाले. इपॉक्सीचे रेणू वाढत जातात तशी मिसळून राहण्यातली एन्ट्रॉपी (विस्कळीतपणा, जो दोघांना मिसळून ठेवतो) घटते आणि पीईआय वेगळं पडतं. मग जेल झालं, म्हणजे वाहणं थांबलं, की तेव्हाची रचना तशीच गोठते. म्हणून क्युअरचं तापमान बदललं की रचनाही बदलते.

नंतर 10, 20 आणि 30 टक्क्यांचे तुकडे मोडून डायक्लोरोमिथेनमध्ये टाकले. या द्रावकात पीईआय विरघळतं, कडक झालेली इपॉक्सी नाही. ते 40 अंशाला उकळतं आणि आमचा मे 45 चा, म्हणून बरणी बर्फात ठेवली. 10 चा तुकडा शाबूत राहिला. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यात नुसती भोकं, पीईआयचे गोळे निघून गेल्याच्या जागा. 20 चा स्पंजासारखा, दोन्ही फेज (इपॉक्सीचा भाग आणि पीईआयचा भाग) एकमेकांत गुंतलेल्या. 30 चा ढासळलाच. तिथं पीईआयच बाहेरून होतं, ते विरघळल्यावर साबुदाण्यासारखे इपॉक्सीचे दाणे तळाशी सुटे पडले. ढवळणं चुकलं असतं तर टक्क्यांप्रमाणे रचना इतकी शिस्तीत बदलली असती का? सरांनी फोटो पाहिले आणि म्हणाले, "आता मिक्सिंग सुधारलं."

चिवटपणा हवा असेल तर 20 च्या आसपास जा. 5-10 टक्क्यांनी फारसं काही हाती लागत नाही, आणि 30 ला मिश्रण इतकं घट्ट होतं की साच्यात ओतणं मुश्कील. हे आकडे पीईआयच्या रेणुभारानुसार आणि हार्डनरनुसार सरकतात. चकती स्वच्छ दिसली म्हणजे एकच फेज असंही नाही. कण फार बारीक असले तर गढूळपणा दिसत नाही. हार्डनर टाकण्याआधीच मिश्रणात दाणे दिसत असतील तर मात्र पीईआय विरघळलेलंच नाही, तेवढ्यापुरतं सरांचं खरं.

तुम्हालाही कुणी परत ढवळायला सांगितलं, तर क्युअरआधीचा एक थेंब काचपट्टीवर ठेवून त्यांच्यासमोर गरम करा.