घरातल्या वस्तूंपासून मटण धुरवायचा छोटा स्मोकर कसा करावा? तेलाचा डबा किंवा पत्र्याचा ड्रम चालेल का? मटण किती तास ठेवावं?

ड्रमचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसलो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, म्हणजे पाण्याच्या बादल्यांना असतो तो, विस्तवाखाली घेऊ नका. कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी नाही.

आमच्या गावची लक्ष्मीची यात्रा होती. बेळगाव-खानापूरकडच्या माणसाला ही यात्रा समजावून सांगायला नको. कित्येक वर्षांनी गावाची पाळी येते, घरोघरी पै-पाहुण्यांच्या पंगती उठतात, रश्श्याचं पातेलं चुलीवरून उतरत नाही. त्या गडबडीत दोन रानं, म्हणजे बकऱ्याच्या अख्ख्या मागच्या तंगड्या, धुरावर करायची असं मी ठरवलं होतं आणि परसात मातीचा स्मोकर मांडला होता. माझ्या मेव्हण्याचं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. तो टेम्पोत घालून ड्रम घेऊन आला. नवाकोरा, चकचकीत, खाली भोकं पाडलेला. सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाला, "दाजी, कुंडीत झाडं लावत्यात ओ. मटणाला लोखंडच पायजे." आणि कोळसा ओतून, टेबलफॅन लावून त्यानं तो पेटवलासुद्धा.

थोड्या वेळात ड्रमच्या तळाची चकाकी गेली आणि त्यावर पिवळट थर दिसायला लागला. हे जस्ताचं ऑक्साइड. गरम असताना पिवळं दिसतं, निवलं की पांढरी पूड होते. मी सरळ सांगितलं, या ड्रमात माझ्या घरचं मटण जाणार नाही. तो भडकला. सासूबाई त्याच्या बाजूनं बोलल्या. "पाण्याची बादली जस्ताचीच न्हवं? पितोय की आपण." मी त्याला एवढंच विचारलं, "तुझ्या वर्कशॉपात जीआय, म्हणजे जस्ताच्या मुलाम्याच्या, पाइपाला वेल्डिंग असलं की पोरांना दूध-गूळ कशाला देतोस?" त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, पण आजही तो तेच बोलतो, म्हणून इथं सविस्तर लिहितो. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळतं. वारा लागलेला निखारा त्याच्या कितीतरी पुढं जातो. मग त्या मुलाम्यातून जो धूर निघतो तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंग करणाऱ्या कुठल्याही माणसाला हे ठाऊक असतं. बादलीतलं पाणी आणि निखाऱ्याखालचा पत्रा यांची तुलनाच होत नाही. आणि दुधानं तो धूर उतरतही नाही. पोरांना मास्क द्यायला पाहिजे आणि वेल्डिंगच्या जागेवरचा मुलामा आधी घासून काढायला पाहिजे.

आता मातीचं. खानापूरची माती भांड्यांसाठी आणि कौलांसाठी पहिल्यापासून नावाजलेली. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही तिथंच आहे. एकाच मापाच्या दोन मोठ्या कुंड्या आणा, तोंड हातभर तरी रुंद असू दे. रंग नको, चकाकी नको, नुसती भाजलेली माती. एक कुंडी तीन विटांवर सुलटी ठेवा, तळाच्या भोकातून वारा आत येतो. भोक राखेनं बुजू नये म्हणून त्यावर विटेचे तुकडे अडकवा. निखारे बाहेर शेगडीत लाल करून मगच आत टाका, वर मुठीएवढी दोन लाकडं. कुंडी खाली निमुळती असल्यामुळे एक लहान नि एक मोठी अशा योग्य मापाच्या दोन स्टीलच्या जाळ्या खाली-वर अडकून बसतात, खिळ्याची गरज नाही. खालच्या जाळीवर पाण्याचं पसरट भांडं ठेवा, कडेनं धुराला वाट राहील एवढं लहान. त्यामुळं आच थेट लागत नाही आणि चरबी विस्तवावर ठिबकून काजळी धरत नाही. वरच्या जाळीवर मटण. त्यावर दुसरी कुंडी पालथी. तिचं भोक झालं धुराडं.

आच कमी करायची तर खालचं भोक विटेच्या तुकड्यानं अर्धं झाका. वरचं कधीच बंद करू नका. कोंडलेला धूर मटण कडू करतो. दाट पांढरा धूर येत असेल तर लाकूड ओलं आहे. धूर पातळ, निळसर झाला की मटण ठेवा. इंटरनेटवर लाकूड भिजवायला सांगतात, ते चूक. आमच्याकडे पावसाळ्यात लाकूड तसंही कोरडं मिळत नाही.

माती फुटते हा मेव्हण्याचा दुसरा मुद्दा. ओल्या कुंडीत भसकन निखारे ओतले तर फुटणारच. दोन दिवस उन्हात वाळवा, पहिल्यांदा थोडेच निखारे टाकून तापू द्या. माझी कुंडी अजून शाबूत आहे. एकदा तापली की ती ऊब धरून राहते, पत्र्यासारखी घटकेत तापत नाही नि घटकेत निवत नाही.

लाकूड आंब्याचं किंवा पेरूचं. निलगिरी, साग, प्लायवूड, पॅकिंगच्या फळ्या नकोत. वखारीतला भुसाही नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं. आणि खानापूरच्या रानातून लाकूड आणणार असाल तर त्यात बिब्ब्याचं नाही ना ते जाणकाराला दाखवून घ्या. त्याच्या धुरानंही अंगाला फोड येतात.

किती तास, हा प्रश्नच सोडा. तुकडा, हाड, वारा यावर ते ठरतं. प्रोब, म्हणजे मटणात खुपसायची सळई, असलेला थर्मामीटर घ्या. कुंडीत ११० ते १२० अंश राखा. कोंबडी हाडाजवळ ७४ अंशांना झाली. रान हाडापासून सुटायला हवं असेल तर ९० च्या वर न्यावं लागतं, तेव्हा सकाळीच सुरू करा. थर्मामीटर उकळत्या पाण्यात तपासा, पण बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, इथं पाणी ९७-९८ लाच उकळतं. काटा बिघडला म्हणून दुकानदाराशी भांडू नका. मीठ किलोला १५ ते २० ग्रॅम, सोबत संकेश्वरी मिरचीची पूड चोळून रात्रभर फ्रिजमध्ये उघडं ठेवा. वरून कोरडं झालं की धूर नीट धरतो.

तेलाच्या डब्याचं विचारलं होतंत. चालतो, पण आधी रिकामा, उघड्यावर, आतलं वार्निशासारखं अस्तर जळेपर्यंत तापवून घ्या, आणि पातळ पत्रा लवकर झिजतो हे धरून चाला. मेव्हण्याच्या ड्रममध्ये वरचा भाग तितका तापत नाही हे मला मान्य आहे, पण त्याचा विस्तव तळालाच होता. काही पेटवाल ते उघड्या परसातच, बंद खोलीत किंवा गच्चीवरच्या शेडमध्ये नाही. कोळशाचा वायू दिसत नाही आणि जीव घेतो.

हे सगळं शिजवून खाण्यासाठी आहे. गोव्याच्या चोरीस सॉसेजसारखं थंड धुरावर करून टांगून ठेवायचं असेल तर ही रीत वापरू नका, त्याला मिठाचं आणि क्युरिंगचं, म्हणजे मांस टिकवण्याचं, वेगळं गणित लागतं आणि त्यात चूक झाली तर विषबाधा होते. कुंडीतलं मटण त्याच दिवशी खा, उरलं तर लगेच फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवा.