लाल टोपणाची सिरिंज की केशरी?

प्रश्न: सिस्टर, सासूबाई (६८) मागच्या महिन्यात दवाखान्यातून घरी आल्या. वॉर्डात सकाळी २० युनिट इन्सुलिन चालू होतं, शुगर १४०-१५० यायची. घरी मी तेवढंच देते तरी उपाशीपोटी २८०, कधी ३०० पण. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले २८ करा, तरी फरक नाही. इन्सुलिन खराब निघालं असेल का? बाटलीवर ४० लिहिलंय. सिरिंज मेडिकलमधून आणली ती केशरी टोपणाची, वॉर्डातली लाल होती बहुतेक, पण त्याने काय फरक पडणार म्हणा.
(एक सून, कराड तालुका)

उत्तर: ताई, शेवटची ओळ जाता जाता लिहिलीत ना, सगळा घोळ तिथंच आहे.

आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं मिळतं, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट, आणि इन्सुलिनच्या पेनात (पेनासारखं टोचायचं यंत्र) बसवायच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे इन्सुलिन भरलेल्या नळीत असतं ते १०० चं. सिरिंजही दोन, लाल टोपणाची ४० साठी, केशरी १०० साठी. केशरीवर २० च्या रेघेपर्यंत भरलं तर आत जातं ०.२ एमएल, आणि तुमच्या बाटलीतलं ०.२ एमएल म्हणजे ८ युनिट फक्त! २८ केले तरी जेमतेम ११.

आता घाई करू नका. लाल सिरिंज आणून लगेच २८ भरायचं नाही, कारण ते २८ याच घोळामुळं वाढवलेत, खरोखरचे २८ गेले तर शुगर धाडकन खाली येईल. पुढच्या डोसच्या आधी डॉक्टरांना फोन करून ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज वापरत होते एवढं सांगा, किती द्यायचं ते विचारा, आणि मनानं बंद पण करू नका. नवीन डोसनंतर घाम, थरथर, धडधड, असंबद्ध बोलणं दिसलं किंवा मशीनवर ७० च्या खाली आलं तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी परत तपासायचं. शुद्धीवर नसतील तर तोंडात काही ओतू नका, १०८ ला फोन करा.

(उलटा प्रकार याहून वाईट. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने ओढतात काही जण, तिथं २० च्या जागी ५० जातात.)

खरं सांगू का, यात आम्हा नर्सेसचं चुकतं. डिस्चार्जच्या दिवशी बिल, फाइल, खाली रिक्षा उभी, त्यात आम्ही विचारतो समजलं ना, आणि माणूस मान हलवतो. मी पण वर्षानुवर्षं तेच केलं. मग एक काका पंधरा दिवसांत तीनशे शुगर घेऊन परत आले, म्हटलं पेन लावून दाखवा, तर सुईवरचं आतलं छोटं टोपण ते काढतच नव्हते, इन्सुलिन सगळं शर्टाला. तेव्हापासून मी समजलं का विचारणं सोडलं, हातात सिरिंज आणि सलाइन देते, भरून दाखवा म्हणते, आणि घरी जो टोचणार त्यालाच बोलावते, पेशंटबरोबर आलेल्या भलत्याच पाहुण्याला नाही. कागदावर युनिट हा शब्द पूर्ण लिहिते, नुसतं इंग्रजी यू काढलं की ते शून्यासारखं दिसतं अन् १० चे १०० होतात.

सिरिंज आणायला जाताना रिकामी बाटली सोबत न्या, दोन्हीवरचा आकडा जुळला तरच पैसे द्या.

प्रश्न: वडिलांना मोठी गोळी गिळत नाही, कुटून मधातून देते. चालेल?

उत्तर: आधी पाकीट बघा. नावापुढं एसआर, ईआर किंवा एक्सआर असेल तर अजिबात कुटायची नाही, ती हळूहळू विरघळायला बनवलेली असते, कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. डॉक्टरांना सांगा, बऱ्याच औषधांचं सिरप किंवा साधी गोळी मिळते. आणि शुगर असेल तर मध कशाला हो!