बोडीतला दातवाला मासा पिरान्हा हाय का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: सर, आमच्या बोडीत (गावच्या लहान तळ्यात) जाळ्यात लाल पोटाचा दातवाला मासा आला, पोरं पिरान्हा म्हणतात, बायांनी कपडे धुवायला जाणं बंद केलं. फोटो पाठवलाय. (पवनी, जि. भंडारा)

उत्तर: भाऊ, बायांना सांगा बिनधास्त जा, हा रूपचंद आहे, आपल्या बाजारात मिळतो तोच. फोटोत ओठ मागे सारलाय ते बरं केलं, दात चौकोनी, चपटे, वरच्या जबड्यात दोन ओळी, अगदी माणसाच्या दाढांसारखे. पिरान्ह्याचे दात त्रिकोणी, धारदार, वर-खाली एकेकच ओळ अन् एकमेकांत घट्ट बसणारे, शिवाय खालचा जबडा पुढे आलेला. रूपचंदही मूळचा अ‍ॅमेझॉन-ओरिनोकोकडचा, पिरान्ह्याचा भाऊबंदच, अन् लहानपणी पोट लालभडक म्हणून भले भले फसतात. तिकडे पुराचं पाणी जंगलात शिरलं की हा झाडाखाली पडलेली फळं-बिया खातो, त्या दाढा बिया फोडायलाच. फक्त जाळ्यातून काढताना तोंडात बोट जाऊ देऊ नका, चेचून निघेल.

प्रश्न: खरा पिरान्हा मिनिटात माणूस फस्त करतो म्हणे?

उत्तर: नाही जी. लाल पोटाचा पिरान्हा साधारण फूटभराचा मासा, मासे, किडे, मेलेली जनावरं, कधी बियासुद्धा खातो, अन् झुंडीने राहतो ते मुख्यतः स्वतःचा जीव वाचवायला कारण केमन मगरी, नदीतले डॉल्फिन, पाणकावळे त्यालाच खातात. ही भीती जगभर पसरली ती अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या 1913-14 च्या ब्राझील सफरीच्या वर्णनामुळे. चावतो तो, पाणी आटून डोहात उपाशी अडकला की, किंवा अंड्यांच्या जागेजवळ पाय पडला की, बहुतेकदा एकच चावा, पण लचका तोडणारा.

प्रश्न: टाकीतला मासा खूप मोठा झाला, वैनगंगेत सोडू का?

उत्तर: ताई, हात जोडतो, अजिबात नको, मासा कोणताही असो. बाहेरचा मासा काय करतो ते बघा: थाई मांगूर म्हणून विकतात तो मासा मूळ आफ्रिकेचा, 2000 पासून पाळायला बंदी, तरी लोक पाळतात. तो हवेतला श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरकत शेजारच्या पाण्यात जातो अन् बेडूक, मासोळ्या, मरळीची पिल्लं, सापडेल ते खातो, मग नदीवर पोट असलेल्या ढिवर भावांनी काय धरायचं? दुकानदार परत घेतो का विचारा, नाहीतर ठेवायला मोठी टाकी असलेला कोणी शोधा. अन् पवनीवाले भाऊ, रूपचंद बोडीतच राहावा म्हणून मृग लागायच्या आधी सांडव्याला बारीक जाळी लावून घ्या, एकदा बोडी भरून वाहिली की मासा नाल्यानं थेट नदीत.